देवदाराच्या फुलांचा चोर

“माझ्या देवदाराची फुलं कुणीतरी चोरतंय!” धारगडचे राजे यशवर्मा भर दरबारात गरजले. “झाडाखाली बी पडतं. बी आहे म्हणजे फूल आलंच असणार. मग मला ते एकदाही का दिसू नये?”

राजांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण राजबागेची किल्ली एकट्या सुभाना माळ्याकडे. साऱ्या माना आपोआप त्याच्याकडे वळल्या.

“सुभाना, उद्या देवदाराचं फूल आण, नाहीतर चोर आण. दोन्ही जमलं नाही, तर गाव सोड.”

घरी येऊन सुभाना मुकाट्यानं गाठोडं बांधू लागला. त्याची लेक येसू हे बघून संतापली. न केलेल्या चोरीसाठी गाव सोडायचं?

“आबा, गाठोडं सोडा. उद्या मी जाते.”

“राजाशी वाद घालशील?”

“छे. वाद त्यांचा त्यांनाच घालू दे.”

दुसऱ्या दिवशी येसू टोपली घेऊन सुभानासोबत दरबारात उभी राहिली.

“फूल आणलंस?” राजांनी विचारलं.

“नाही, महाराज.”

“चोर?”

“तोही नाही. सुरी आणलीय.”

पहारेकऱ्याचा हात तलवारीकडे गेला. येसूनं शांतपणे एक कोवळी काकडी पुढे केली. “महाराज, हिच्या शेंड्याला काय चिकटलंय?”

“वाळकं फूल.”

“आणि डाळिंबाच्या डोक्यावरचा हा मुकुट?”

“तोही फुलाचाच. पोरी, तू माझी परीक्षा घेतेस की मी तुझी?”

“फूल गळतं, पण मागे बीसाठी घर बांधून जातं. त्या घरालाच आपण फळ म्हणतो. आता बी दाखवा बरं, न चिरता.”

“न चिरता कसं दिसेल? ते आत असतं.”

“मग हे चिरा.” येसूनं देवदाराचं पिकलेलं बोंड राजांच्या हातात दिलं.

राजांनी सुरी टेकवली मात्र, बोंडाचे खवले सुटून मांडीवर सांडले. खवल्याखवल्यावर बी नुसतं टेकलेलं. ना साल, ना गर.

“ह्याचं घर कुठाय?” राजे पुटपुटले.

“नाहीच. फूलच येत नाही, तर घर बांधणार कोण? बी आपलं उघड्यावर.”

प्रधान फिस्कारले, “फुलाशिवाय बी धरतं कसं?”

“वाऱ्यानं, प्रधानजी. देवदार पिवळी पूड उडवतो, ती या बोंडांत शिरते आणि बी धरतं. तुमच्या ओसरीवरून रोज झाडतात ना, तीच पूड.” मग ती राजांकडे वळली. “महाराज, जिथं घरच नाही, तिथं घरफोडी कुणी केली?”

राजे आधी गोरेमोरे झाले. मग इतके हसले, की मांडीवरचे खवले दरबारभर उडाले. “सुभाना, किल्ली तुझ्याकडेच राहील. आणि पाटाकाठचा मळा आजपासून येसूचा!”

एवढ्यात मुदपाकखान्याचा आचारी दारातून डोकावला. “न्याय झाला असेल, तर काकडी द्या बाई. कोशिंबीर अडलीय.”