आळणी मोरस

“आणि पाणी कुठलं घालतोस?”

हसूबुवांनी एवढंच विचारलं. त्याआधी अर्धा तास आमचे हे बोलत होते.

बुवा मिठागरावर मीठ ओढत होते. वय पंच्याहत्तर. ह्यांना लहानपणी मृदंग शिकवला तो त्यांनीच. गावात ह्यांना अजून ‘भाव्या’ म्हणणारे तेवढेच उरलेत, बाकी सगळे ‘सर’ म्हणतात. लग्न ठरेपर्यंत मीसुद्धा म्हणत होते.

त्या दिवशी मी सोबत होते, कुंडी धरायला. लग्नाला दीड महिना झाला होता.

“विहिरीचं गोडं पाणी,” हे म्हणाले. “दोनदा गाळून.”

“आणि ऊन?”

“वर हिरवी जाळी लावलीय. ऊन लागू देत नाही.”

हे खरं होतं. मला मात्र भर दुपारी चालवत आणलं होतं.

कुंडीत मोरसाचं रोप होतं. मोरस ही मिठागराच्या बांधावर, खाऱ्या चिखलात आपोआप उगवणारी रानभाजी. बांधावरच्या मोरसात ह्यांना एक द्रव्य सापडलं होतं, उन्हापासून कातडी राखणारं. आता तीच रोपं घरी वाढवायची आणि त्यांच्यातून ते काढून दाखवायचं, म्हणजे उद्या कोणी बांध ओरबाडणार नाही. ह्यांची डॉक्टरेट याच्यावरच होती.

तीनदा रोपं मुंबईला तपासायला गेली. तीनदा उत्तर आलं, काही नाही. त्याआधी समुद्रातलं शेवाळ टाकीत वाढवून झालं होतं, त्याचीही तीच गत. जूनपर्यंत सापडलं नाही तर विषय बंद, असं मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं होतं. चार वर्षं पाण्यात जाणार होती. ह्यांचं जेवण तुटलं होतं, आणि ते कोणाला दिसत नाही असं ह्यांना वाटत होतं.

बुवांनी कुंडीतलं एक पान तोडलं. चावलं.

मग थुंकले.

“आळणी हाय. सूनबाय, ह्याची भाजी केलीस तर वरून मीठ घालायला लागल.”

मोरसाच्या भाजीत कोणी मीठ घालत नाही. उलट दोनदा उकडून पाणी पिळून टाकतात, तरी जीभ चरचरते. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी मीठ घातलं होतं. सासूबाई नुसत्या ताटाकडे बघत राहिल्या.

ह्यांनी बुवांना समजावून सांगितलं. खाऱ्या मातीत रोप कसं खुरटतं, देठ कसा तांबडा पडतो, तेच गोड्या पाण्यात दुप्पट कसं वाढतं. मोजमापं तोंडपाठ होती.

बुवांनी ऐकून घेतलं. मग कुंडी माझ्या हातातून काढली, उलटी केली, आणि रोप बांधाच्या चिखलात खोचलं.

हे पुढे झाले.

“बुवा, आठ महिन्यांचं रोप आहे ते.”

“बाकीची कधी आणतोस?”

...

तीन दिवस हे माझ्याशीही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी टेम्पो सांगितला आणि उरलेली चाळीस रोपं नेऊन लावली. मला म्हणाले, दुसरं काही सुचत नाही. बुवांना म्हणाले, एक प्रयोग म्हणून करतोय.

आठवड्यात पानं गळायला लागली. हे रोज दुपारी जाऊन बांधावर बसायचे. मी डबा घेऊन जायची, तो बहुतेक तसाच परत यायचा.

एक दिवस ह्यांनी पाण्याची बाटली काढली, रोपांवर वाकले. झाकण उघडलं तर मागे बुवा उभे.

“दोन-दोन घोट घालतो फक्त.”

“तहान कोणाला लागलीय?”

हे रोपांकडे बघायला लागले.

“बघ नीट.”

ऊन मिठावरून उलटून डोळ्यांत घुसत होतं. ह्यांचे ओठ सुकून फुटले होते. ह्यांनी त्यांवरून जीभ फिरवली.

“मला,” हे म्हणाले.

“मग पी.”

ह्यांनी अख्खी बाटली संपवली. आणि डब्यातल्या भाकऱ्याही.

...

तिसऱ्या आठवड्यात देठांवर तांबूस रेघ दिसली. मग देठच तांबडे झाले. रोपं बुटकी, कळकट, कोणाला दाखवावीत अशी नव्हती. ह्यांनी काहीशा नाखुशीनेच ती पाकिटांत भरून मुंबईला पाठवली.

मे संपता संपता फोन आला. हे अंगणात उभ्यानेच ऐकत होते. तीनदा “हो मॅडम” म्हणाले आणि पायरीवर बसले.

सापडलं होतं. बांधावरच्या रानटी मोरसाइतकंच.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला चहा टाकायला सांगितला. मी आत गेले. दूध उतू गेलं तरी त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

चहा होताच आम्ही मिठागरावर गेलो. पाऊस तोंडावर आलेला. बुवा मिठाच्या राशीवर पेंढा रचत होते. हे तिथेच चिखलात त्यांच्या पाया पडले. प्रबंधाच्या पहिल्या पानावर गुरू म्हणून तुमचं नाव घालणार, असं म्हणाले.

बुवा पेंढा दाबत राहिले.

“तुम्हाला ठाऊक होतं ना बुवा? ती मरणार नाहीत म्हणून?”

बुवांचा हात थांबला. त्यांनी बांधाकडे पाहिलं...

“माझं नाव नको,” ते म्हणाले. “अकरा मेली. ती लिही.”