भोळ्या परबाचा माहितीचा हक्क

जर्मनीतल्या एका गावात एक भोळा परब होता. विश्राम परब. नोकरीसाठी कुडाळहून आला आणि बायकोसह एका खोलीत राहिला. आता बायकोचे, दीपालीचे, दिवस भरत आले होते. मोठं घर हवं होतं. भाड्याने घरं देणारी कंपनी दर वेळी नाही म्हणायची आणि का ते सांगायची नाही.

दीपाली म्हणाली, "अरे, इथे कायदा आहे. ज्यांच्याकडे आपली माहिती आहे त्यांच्याकडे ती मागायची. द्यावीच लागते."

विश्रामला कायदा फार आवडला. तो तडक शेजारच्या आजींकडे गेला.

"माझी सगळी माहिती द्या."

आजींनी दिली. रविवारच्या शांततेत मिक्सर लावतो, काचेच्या कचऱ्याच्या डब्यात कागद टाकतो आणि आंघोळीला बसला की गातो, तेही बेसूर. विश्राम आभार मानून घरी आला.

"अरे देवा," दीपाली म्हणाली, "आजींकडे नाही, कंपनीकडे! आणि आधी ओळख पटवायची. ओळख पटल्याशिवाय इथे कोणी कोणाला काही देत नाही."

विश्रामने कंपनीला पत्र लिहिलं, ओळखपत्राची प्रत जोडली. एवढं मात्र त्याने बरोबर केलं. कसं, ते देव जाणे.

मग बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. दीपाली डॉक्टरांकडे गेली होती. बाहेर बर्फ पडत होता.

"जावयबापू, दार उघडा ओ! थंडीन मरतंय मी."

"आधी पासपोर्ट दाखवा."

"तो बॅगेच्या तळाक आसा!"

"मग काढा. ओळख पटायला हवी."

सासूबाईंनी रस्त्यातच बॅग उपसली. डिंकाचे लाडू बर्फात गेले. विश्रामने खिडकीतून पासपोर्ट नीट निरखला.

"फोटोतल्या बाईंचे ओठ निळे नाहीत," तो म्हणाला.

दीपाली येईपर्यंत दार बंदच राहिलं. ती त्याला फैलावर घेणार, तोच गाद्या विकणाऱ्या कुणाचा तरी फोन आला. सगळा राग तिने त्या फोनवाल्यावर काढला. "आमचं नाव तुमच्या यादीतून आत्ताच्या आत्ता खोडा!" मग नवऱ्याकडे वळली. "हे शीक जरा! कोणाच्या यादीत आपलं नाव निघालं की असं ठणकावून खोडायला लावायचं. तोही हक्कच आहे."

विश्राम शिकला.

दीपाली बाळंत झाली त्याच दिवशी घरांच्या कंपनीचा फोन आला.

"परबसाहेब, माफ करा. तुमच्या पत्रामुळे चूक सापडली. दुसऱ्याच कुणाचे चार कुत्रे तुमच्या नावावर चढले होते. ते काढले. बागेजवळचं तीन खोल्यांचं घर रिकामं झालंय आणि यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

"यादीत? माझं नाव?"

"सगळ्यात वर."

"खोडा!"

"अहो, पण घर..."

"आत्ताच्या आत्ता खोडा! हक्क आहे माझा."

कायद्यापुढे कंपनी तरी काय करणार? खोडलं.

विश्रामला इतका आनंद झाला की तो धावतच दवाखान्यात गेला. बाळाला कुशीत घेऊन दीपालीने विचारलं, "कंपनीचं काही कळलं का रे?"

"तू निश्चिंत झोप," विश्राम म्हणाला. "सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं मेल्यांनी. मी मुळापासून काढून टाकलं."