सन एकवीसशेचा हिरवा दिवा

"आज तारीख काय रे?"

"कुठली देऊ मास्तर? बोला! ह्या शतकातली का पुढच्यातली?"

पज्या नुसता उड्या मारत होता. नगरच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये साळवे मास्तर टेलिफोन एक्स्चेंजचे खोके तपासायचे. तारखा बरोबर फिरतात का, आणि हात लावला तर शॉक बसत नाही ना, दोन्ही. त्यांच्या हाताखालच्या पोरांत पज्या सगळ्यात हुशार. हे मत पज्याचंच, पण तो ते दिसेल त्याला सांगायचा म्हणून गावभर पसरलेलं.

आज त्यानं पहिल्यांदाच अख्खा खोका एकट्यानं तपासला होता. मास्तर 'हो' म्हणाले की टेबलाची किल्ली त्याची. मग कुणाला विचारायचं नाय, आपलं आपणच 'पास'चं लेबल चिकटवायचं. आणि खोका उद्या सकाळी दवाखान्याच्या टेलिफोनखोलीत.

"मास्तर, ह्याला मी सन एकवीसशेत नेला! अठ्ठावीस फेब्रुवारी, रात्री बाराला एक मिनिट कमी. भलेभले खोके तिथं आपटतात, लीप वर्ष समजून एकोणतीस दाखवतात. आपला गडी? सरळ एक मार्च! म्हटलं वा रे पठ्ठ्या! आलोच आहे तर शॉकची टेस्टपण इथंच उरकू. तीपण पास!"

"मग?"

"मग घड्याळ आणलं परत आजवर. दिवा बघा ना, हिरवागार!"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हिरवा कधीपर्यंत?"

एरवी शॉकच्या तपासणीला वर्ष झालं की हा दिवा लाल व्हायचा. चला, तपासा मला, म्हणायचा. पज्यानं ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर आलं: पुढची शॉक तपासणी, मार्च २१०१.

"घ्या! पाऊणशे वर्षं टेन्शनच नाय!"

बोलून झाल्यावर आपलंच वाक्य त्याला जरा कसंतरी लागलं. पण हसू तसंच ठेवलं त्यानं.

मास्तर उठले. मेन स्विच पाडला. पेचकस घेतला, खोक्यामागची अर्थिंगची वायर मोकळी केली आणि दिली लोंबकळत सोडून. मेन पुन्हा वर.

"अहो मास्तर! मुद्दाम काय..."

"तिथं उंदीर काढतील. मी जरा लवकर काढली."

खोका गुणगुणायला लागला. दिवा लागला. हिरवागार.

"लाव हात."

"आत्ता?"

"दवाखान्यात झाडलोट करणारी मालनबाई रोज ओलं फडकं मारणार ह्याच्यावरनं. दिवा बघून. तुला तर फडकंपण नाही धरायचं."

पज्यानं हात पुढं केला. पैज मारल्यासारखा, झोकात. पत्र्यापासून वीतभरावर तो थांबला. पज्यानं थांबवला नव्हता. हात आपला आपणच थांबला. हिरवा उजेड नखांवर पडला होता.

"काय म्हणतो दिवा?"

"पास म्हणतो."

"आणि हात?"

पज्यानं दुसऱ्या हातानं खाडकन मेन पाडला. मग एकदम ओरडलाच, "मास्तर! वायर लावतो! सगळी टेस्ट परत करतो, पहिल्यापासनं! आत्ताच्या आत्ता!"

आणि खिशातलं 'पास'चं लेबल काढून त्यानं टराटरा फाडलं.

मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली, त्या लोंबणाऱ्या वायरच्या शेजारी.

"हां... आता उजाडली आजची तारीख."