केरोबांची नदी

सोनगिरीच्या दरबारात हॉब्सन नावाच्या व्यापाऱ्यानं धुक्यातल्या नदीचं एक चित्र मांडलं. "फ्रेंच चित्रकाराचं आहे. आधी पॅरिसला विकलं गेलं, मग लंडनला," तो ऐटीत म्हणाला.

तेवढ्यात अनसूया चितारी पुढे आली. "महाराज, हे माझ्या वडिलांचं, केरोबांचं चित्र आहे. ते वारल्यावर या साहेबांनी दुरुस्तीला म्हणून नेलं, ते परत दिलंच नाही."

हॉब्सन हसला. "हिला फ्रान्स ठाऊक आहे का?"

"नाही. तुम्हीच सांगा, हे कुठं बसून रंगवलं?"

"तिथंच, फ्रान्सच्या नदीकाठी, उघड्यावर! शपथेवर सांगतो."

अनसूयेनं रंगाच्या जाड थरात रुतलेली एक बारीक काडी दाखवली. महाराजांनी भिंग लावून पाहिलं. तो आंब्याचा मोहोर होता.

"नंतर चिकटला असेल," हॉब्सन पुटपुटला.

"त्याच्यावरून कुंचला फिरलाय, साहेब. ओल्या रंगातच पडला तो. आता एवढंच सांगा, फ्रान्सच्या नदीकाठी आंबे कुठल्या महिन्यात मोहरतात?"

महाराजांनी चित्र अनसूयेच्या हाती दिलं. तिनं मात्र ते घरी नेलं नाही. खाली वडिलांचं नाव लिहून तिनं ते दरबारातच टांगायला लावलं.