आधी अजिंठ्याच्या सह्या

लडाखातल्या एका गावी यांगझोम आणि तिचा नवरा त्सेवांग राहत होते. दोघं रस्त्यावर खडी फोडायची आणि उरल्या वेळात यांगझोम बुद्धाची चित्रं काढायची. एकदा तिच्या चित्राला पुण्याच्या मोठ्या गॅलरीतून बोलावणं आलं. चित्रात बुद्धामागे डोंगर होते आणि डोंगरात खडीचा ट्रक. हे चित्र खपलं तर दोघांची खडी सुटणार होती.

यांगझोम चित्र घेऊन पुण्याला गेली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गॅलरीचे मालक राजाध्यक्ष आले. भिंग लावून त्यांनी चित्राचे चारी कोपरे बघितले आणि ते गरजले, "बाई, सही कुठाय?"

"साहेब, आमच्यात देवाच्या चित्रावर आपलं नाव घालत नाहीत."

"मग ही कला नव्हे, कारागिरी! सही करा, नाहीतर चित्र उतरवा."

पाहुणे भोवती जमले. यांगझोमनं सावकाश कुंचला काढला. "करते की! पण अजिंठ्याच्या बुद्धाखाली अजून कुणाची सही नाही. ते चितारी माझ्याहून थोरले. आधी त्यांच्या सह्या घेऊन या, मग माझी करते."

सगळी गॅलरी खळखळून हसली. राजाध्यक्षांनी भिंग खिशात घातलं आणि चित्र मधल्या भिंतीवर लावायला सांगितलं. ते त्याच दिवशी खपलं. मागोमाग इतकी मागणी आली, की त्सेवांगही घण टाकून बायकोशेजारी रंग घोटायला बसला.