दोनशे चौदा फुटाणे

विश्वास कुणावर ठेवायचा, मंडळी... कोष्टकावर, की गाडी हाकणाऱ्यावर?

मी ठेवला होता माझ्या किलोमीटरच्या कोष्टकावर. हळदीचा माझा धंदा, दारात तीन ट्रक. ड्रायव्हरला पैसे किलोमीटरवर. बंदरापर्यंत घाटातून एकशे ऐंशी. मी स्वतः जीप घेऊन मोजलेले.

माझा ड्रायव्हर धोंडिराम बुरुंगले वहीत लिहायचा, जाताना दोनशे बत्तीस, येताना एकशे ऐंशी.

तेच बंदर, तीच गाडी. चोरी याहून उघडी काय असते? वरचे बावन्न मी दर खेपेला कापायचो.

तो म्हणायचा, जाताना माल असतो, शेट. मी म्हणायचो, मालाने रस्ता लांबतो होय रे?

त्या दिवशी भरलेली गाडी मीच घाटाच्या तोंडाशी अडवली. म्हटलं, लांबचा वळसा नको, घाटाने उतर, नाहीतर किल्ली ठेव.

त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. अकरा वर्षांची नोकरी... एवढंच म्हणाला की, निकाल कासमबाबांनी द्यावा.

कासमबाबा तिथल्या टेकडीवरचा दर्गा सांभाळायचे. त्याआधी तीस वर्षं ट्रक चालवलेला. त्यांचा शब्द मीही मोडत नसे.

वर दर्ग्यात बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं, मी आणलेली खेपांची वही चाळली. किल्ली उंबऱ्यावर ठेवली. मग पितळी घागर माझ्यापुढे सरकवली.

"खालच्या विहिरीवरून भरून आणा, शेटजी. थेंब सांडायचा नाही. येताना पावलाला एक फुटाणा देईन."

मी हसलो. धोंडिराम हसला नाही.

पायऱ्यांनी भराभर उतरलो. घागर भरून खांद्यावर घेतली आणि वर बघितलं... झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, कठडा नाही. पहिल्याच पायरीवर टाच सरकली.

मुकाट्याने वळलो. टेकडीला वळसा घालत जाणारी गाढवांची वाट धरली.

बाबांनी घागरीत डोकावून पाहिलं. मग एकेक फुटाणा मोजून माझ्या ओंजळीत टाकला. बहात्तर झाल्यावर थांबले.

"बाबा, दोनशे चौदा पावलं झालीत." व्यापारी माणूस मी, मोजतच आलो होतो.

"पायऱ्या बहात्तरच आहेत."

"पण मी वाटेने आलो ना."

"पायऱ्या मी स्वतः मोजल्यात, शेटजी... हात रिकामे होते तेव्हा."

खाली भरलेली गाडी उन्हात उभी होती.

मी उंबऱ्यावरची किल्ली उचलून धोंडिरामपुढे धरली. त्याने घेतली नाही. त्याची नजर माझ्या काखेतल्या वहीवर होती.

...

बाबांनी फुटाण्यांची अख्खी पिशवी माझ्यासमोर ठेवली.

"तुमचे राहिलेले तुम्हीच मोजून घ्या. आणि शेटजी... तेवढी वही खरी ठेवा."