झुंबरशेटचे बैल

धुरपा कासारणीचा उजवा हात मोडला, पण तो कोणीच मोडला नव्हता. निदान बोरगडातल्या शहाण्यांचं म्हणणं तसं होतं.

झालं ते असं. झुंबरशेटच्या पेढीवर भाडं भरायचं, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि आणखी तिघा अनोळखी माणसांबरोबर एका बैलगाडीत बसायचं, अशी शेटनी गावाची सोय केली होती. धुरपा बांगड्यांची पेटी घेऊन बाजाराला निघाली. ओढ्याच्या उतारावर चाक निखळलं आणि गाडी उलटली. बाकीचे तिघे खरचटण्यावर सुटले, धुरपाचा हात मनगटात मोडला. गिऱ्हाइकाचा पंजा दाबून बांगडी चढवायची ती याच हातानं. तो गेला म्हणजे घरची चूलच विझली.

हात गळ्यात बांधून ती पेढीवर गेली. "शेट, हाडवैद्याचा खर्च द्या, अन् हात जुळेस्तोवर पोटाला द्या."

"बाई, गाडी माझी नाही," झुंबरशेट म्हणाले. "बैल माझे नाहीत. गाडीवान माझा नोकर नाही. मी फक्त उतारूची आणि गाडीची ओळख करून देतो."

"मग भाडं कशाचं घेता?"

"ओळख करून दिल्याचं."

शेटच्या गोठ्यात चाळीस बैल होते आणि चाळिसांची शिंगं शेटनीच पिवळी रंगवून घेतली होती. पण गाडी उलटली की बैल लगेच गाडीवानाचे. लिंबा गाडीवानाकडे अंगावरच्या बंडीखेरीज काही नव्हतं. ओढ्याच्या उतारावर तो एकदम गाडीबैलांचा धनी झाला, आणि ही आनंदाची बातमी त्याला लोकांकडून कळली.

धुरपानं दरबारात फिर्याद नेली. तिथले महाराज म्हणजे आणखी एक नग. एकदा तोंडातून निघालेला शब्द, कितीही खुळा असला तरी, मागे घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. मागे ते घाईत बोलून गेले की सूर्य पश्चिमेला उगवतो. शब्द काही बदलला नाही. बोरगडातल्या दिशांच्या पाट्या तेवढ्या बदलल्या, आणि दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दरबारात शेटनी तेच पालुपद लावलं, की बैल गाडीवानाचे. लिंबाही शेटच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "व्हय, बैल माजंच."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "आम्हाला साक्षीपुरावे नकोत. मालक कोण, हे मालकानं आपणहून, आमच्यासमोर सांगावं. बाई, तू त्याला विचारायचं नाही, धमकवायचं नाही. आठ दिवसांत हे झालं नाही तर तुझी पेटी जप्त."

सगळा दरबार हसला. सगळ्यात जास्त शेट हसले. तोटा होणार असताना कोणता व्यापारी आपण होऊन पुढे येतो?

धुरपा म्हणाली, "महाराज, मी त्यास्नी विचारायचं न्हाई. पर मी दुसऱ्याशी बोलले अन् त्यांच्या कानावर गेलं, तर चालंल?"

"ऐकायला बंदी नाही."

सहाव्या दिवशी पोळा होता. बोरगडात पोळ्याला वेशीवर तोरण बांधत. सगळ्यांत देखणी जोडी महाराज स्वतः निवडत. ती तोरणाखालून पहिली जाई आणि तिच्या मालकाच्या डोक्याला महाराज आपल्या हातानं फेटा बांधत. त्या फेट्यापायी बोरगडात भाऊ भावाशी बोलत नव्हते. झुंबरशेट तर अकरा वर्षं त्याच्यासाठी झुरत होते.

पोळ्याच्या सकाळी धुरपानं लिंबाला गाठलं. "बैल तुजं ना रं?"

"दरबारात तसं म्हनलो खरं."

"मग आन माज्या अंगणात. आपल्या बैलाला सजवायला परवानगी कुणाची लागती?"

लिंबानं उलटलेल्या गाडीची जोडी शेटच्या गोठ्यातून सोडून आणली. आळीतल्या बायका जमल्या. धुरपाच्या घरातल्या हिरव्या, तांबड्या, मोरपंखी बांगड्या दोऱ्यांत ओवून त्यांनी माळा केल्या. धुरपानं डाव्या हातानं त्या बैलांच्या गळ्यात, शिंगांत, पाठीवरच्या झुलीवर बांधल्या. जोडी वेशीकडे निघाली तेव्हा अंगावर ऊन झगमगत होतं आणि प्रत्येक पावलाला काच किणकिणत होती. रस्त्यातली पोरंसोरं मागोमाग धावली.

महाराजांनी दुसऱ्या जोडीकडे पाहिलंच नाही. "हीच जोडी! कोणाची रे ही?"

"लिंबा गाडीवानाची, महाराज," धुरपा मोठ्यानं म्हणाली. "झुंबरशेटनीच भर दरबारात सांगितलंय."

लिंबा पुढे आला आणि त्यानं मान खाली घातली. महाराजांनी जरीचा फेटा उचलला. आजूबाजूला शेटचे व्याही, भाऊबंद, पेढीवरचे चाकर, सगळे बघत होते. शेटचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा पडला.

"थांबा, महाराज!" शेट गर्दीतून घुसत आले. "हा कोण टिकोजीराव लागून गेला? बैल माझे, गाडी माझी, आणि हा सहा वर्षांपासून माझ्या पगारावर आहे!"

मग शेटना आपलंच बोलणं ऐकू आलं.

"म्हणजे... आज माझे," ते चाचरले. "त्या दिवशी लिंबाचे होते."

"त्या दिवशी बैल काय माहेरपणाला गेलं हुतं, शेट?" धुरपानं विचारलं.

महाराज खो खो हसत सुटले. त्यांनी तो फेटा शेटच्याच डोक्याला बांधला, चांगला करकचून. "घ्या मालकाचा मान. आता मालकासारखं निस्तरा. हाडवैद्य तुमचा, आणि हात जुळेपर्यंत बाईच्या घरचा दाणागोटाही तुमचा. आणि धुरपा, आजपासून राजवाड्यातल्या बायकांना बांगड्या तूच भरायच्या. हात बरा होईतो तुझ्या हाताखाली दोन कासारणी आम्ही देतो. आणखी काय हवं?"

"पेटी उचलाया मानूस पायजे, महाराज."

"एक शिपाई देतो."

"शिपाई कशाला? शेटची गाडी मोडली, पर शेट धड हायती की."

महाराजांना हसता हसता तोरणाचा दोर धरावा लागला, आणि हुकूम तिथंच सुटला.

दुसऱ्या दिवशी धुरपा राजवाड्याकडे निघाली. मागून डोक्यावर फेटा, फेट्यावर पेटी, असे झुंबरशेट. दाराशी येऊन त्यांनी खाली मान घालून कसंबसं म्हटलं, "बांगड्या भरा, बांगड्या."

"मोठ्यांदा, शेट," धुरपा म्हणाली. "काल येशीत वरडला तसं."